एक भोंगा, तीन सूर: आल्बर्ट मांगल्सडॉर्फ नावाच्या माणसानं नेमकं काय केलं?

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला मामेभावाने व्हॉट्सअॅपवर एक क्लिप टाकली. जुनी, जरा धुरकट. स्टेजवर एकच माणूस, हातात तो लांबलचक पितळी भोंगा, ज्याची नळी पुढेमागे सरकवतात तो, बाकी ना तबलेवाला ना पेटीवाला ना गिटार, आणि तरी ऐकू येतायत तीन आवाज, एकमेकांत मस्त बसलेले. खाली भावाचा प्रश्न, "दादा, बाकीचे दोघं कुठं लपलेत?"

मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते एवढं वाढलं की म्हटलं जाऊ दे, नीट लिहूनच काढतो, कारण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. त्या क्लिपखाली निम्मे लोक म्हणतायत एडिटिंग आहे, निम्मे म्हणतायत मशीन लावलंय. दोन्ही चूक. माणूस एकच आहे, भोंगाही एकच आहे आणि मशीन कसलंच नाही.

त्या माणसाचं नाव आल्बर्ट मांगल्सडॉर्फ, आणि त्या भोंग्याचं नाव ट्रॉम्बोन. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा, जॅझ वाजवणारा. जन्म ५ सप्टेंबर १९२८, म्हणजे आपल्याकडे शाळेत फुलं घेऊन जायचा तो शिक्षक दिन, आणि गंमत म्हणजे युरोपातल्या ट्रॉम्बोनवाल्यांना विचारलं तर हा माणूस त्यांचा मास्तरच. २५ जुलै २००५ ला गेला, फ्रँकफर्टमध्येच. बाकी गोष्ट हळूहळू येईल, आधी तो भोंगा.

## ट्रॉम्बोन म्हणजे काय प्रकरण आहे

पोलीस बँडमध्ये, २६ जानेवारीच्या परेडला, पाहिला असेल. वाजवणारा हात सारखा पुढेमागे करत असतो आणि लहान पोरं त्याच्याकडेच बघत बसतात. सरळ केली तर साधारण नऊ फुटांची नळी, म्हणजे २.७ मीटरच्या आसपास, ती दुमडून दुमडून आटोपशीर केलेली. एका टोकाला वाटीसारखा माउथपीस, दुसऱ्या टोकाला मोठं तोंड.

यात फुंकर मारून आवाज येत नाही बरं का, बासरीसारखं नाही. ओठ घट्ट मिटून त्यातून हवा ढकलायची, मग ओठ फडफडतात, लहान मुलं गाडी चालवताना 'ब्रर्रर्र' करतात तसं, फक्त जास्त ताणलेले. ती फडफड हाच आवाज, नळी फक्त तो निवडते आणि मोठा करते.

नळी निवडते म्हणजे काय? झोपाळ्याला तुम्ही वाट्टेल तेव्हा धक्का दिलात तर तो चढत नाही, त्याच्या लयीत दिला तरच चढतो. नळीतल्या हवेच्याही अशा ठरलेल्या लयी असतात आणि त्या सगळ्या एका मूळ आकड्याच्या पटीत असतात. समजा मूळ आकडा ५० (सेकंदाला ५० कंपनं), तर नळी १००, १५०, २००, २५०, ३०० अशा सुरांना 'हो' म्हणते आणि मधल्यांना नाही म्हणते. या पटीतल्या सुरांना उपस्वर म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मधले सूर हवे असतील तर नळीची लांबीच बदलायची, म्हणून ती सरकती पट्टी. पूर्ण आत ते पूर्ण बाहेर अशा सात जागा, प्रत्येक जागा अर्ध्या सुराने खाली.

आता आपल्याला यात काय आवडावं तर दोन जागांच्या मध्ये कुठंच खटका नाही. पेटीवर सा आणि रे यांच्यात भिंत असते, ट्रॉम्बोनवर नुसता उतार. मींड घ्यायला याच्याइतकं सोयीचं पितळी वाद्य नाही. आपल्याकडे ते बँडमधून आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातून आलं, गोव्याच्या ब्रास वादकांनी ते गाजवलं. आरडींच्या गाण्यांत जो ट्रॉम्बोन ऐकू येतो तो बऱ्याचदा ब्लास्को मोन्सोराते यांचा. पण रागदारीत ते कुणी फारसं आणलं नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही.

## मग याचं दुखणं काय होतं?

दोन दुखणी होती. एक म्हणजे हे वाद्य अवजड. जॅझच्या सुरुवातीच्या काळात, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, बँड घोडागाडीवर बसून गावभर जाहिरात करत फिरायचे आणि ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या शेपटीला बसवायचे, कारण पुढे बसला तर त्याची नळी दुसऱ्याच्या पाठीत. त्या शेपटीच्या फळीवरून त्या स्टाइलचं नावच 'टेलगेट' पडलं. काम काय तर मागून हुंकार भरायचे, घसरत्या सुरांनी मजा आणायची. ट्रंपेट हीरो, हा त्याचा मित्र.

पुढे १९४० च्या दशकात बीबॉप आलं, म्हणजे प्रचंड वेगाचं, वळणावळणाचं जॅझ, आणि सगळ्यांना वाटलं की आता ट्रॉम्बोनचं काही खरं नाही, एवढ्या वेगात हात सरकवणार कसा? तो प्रश्न अमेरिकेच्या जे. जे. जॉन्सनने सोडवला, एकेक सूर स्वच्छ तोडून असा वाजवला की लोकांना वाटायचं याच्या हातात नळीचा नाही तर बटणांचा ट्रॉम्बोन आहे. तिथून पुढची पिढी जॉन्सनसारखंच वाजवायला लागली.

पण दुसरं दुखणं तसंच राहिलं. एका वेळी एकच सूर. पियानोवाला दहा बोटांनी दहा सूर दाबतो, गिटारवाला सहा तारा छेडतो, ट्रॉम्बोनवाल्याला मात्र एकटं सोडलं तर बिचारा एका सुताने घर शिवत बसतो. मांगल्सडॉर्फचं मोठेपण इथं सुरू होतं.

## तिसरा आवाज येतो कुठून?

तो वाजवताना गात होता. बस एवढंच. ओठांनी एक सूर, त्याच वेळी गळ्यातून दुसरा सूर, दोन्ही एकाच श्वासावर, एकाच नळीत. याला मल्टिफॉनिक्स म्हणतात, मराठीत आपण बहुसूर म्हणू.

"अहो पण मग दोनच सूर झाले ना?" बरोबर. तिसरा आपोआप येतो, आणि इथं थोडं गणित, पाचवीतलं.

आकडे सोपे घेतो. समजा ओठांनी १०० चा सूर वाजवला, त्याला सा म्हणा. गळ्यातून २५० चा गायला, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. आता फुप्फुसातून निघालेली हवा आधी गळ्यातल्या पडद्यातून जाते, तो पडदा सेकंदाला २५० वेळा उघडझाप करतोय, मग तीच हवा ओठांशी येते, तिथला दरवाजा १०० वेळा उघडझाप करतोय. एकाच वाटेवर दोन फाटकं. ओठांपाशी जी हवा पोचते ती आधीच हेलकावे खात आलेली असते, त्यामुळे ओठांच्या प्रत्येक फडफडीवर गळ्याचा शिक्का बसतो.

दोन गोष्टी अशा एकमेकींतून गेल्या की त्यांची वजाबाकी आणि बेरीज जन्माला येते. २५० वजा १०० म्हणजे १५०. २५० अधिक १०० म्हणजे ३५०. हे दोन सूर कुणी वाजवलेले नाहीत, कुणी गायलेले नाहीत, पण नळीतून बाहेर येतात.

खोटं वाटतंय? तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पंखा लावला की कधी कधी पाती हळूहळू उलटी फिरताना दिसतात, आठवतंय? पंखा तर जोरात फिरत असतो, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असते जे आपल्याला कळत नाही, पण लुकलुकणाऱ्या उजेडातून पंखा बघितला की एक तिसराच, संथ वेग दिसायला लागतो जो ना पंख्याचा असतो ना ट्यूबचा. तो त्यांच्यातल्या फरकाचा असतो. घरात एलईडी आले असतील तर मोबाइलचा कॅमेरा पंख्यावर धरा, तिथंही पात्यांचा असाच खेळ दिसेल. ट्रॉम्बोनमध्ये हेच, फक्त कानाने.

आता आकड्यांकडे परत बघा. १०० म्हणजे सा. १५० म्हणजे त्याचा दीडपट, म्हणजे पंचम! २५० म्हणजे वरचा गंधार. सा, प, ग. माणसाने सा वाजवला, ग गायला आणि पंचम फुकट मिळाला, अख्खी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, तयार. आणि ३५०? तो कोमल निषादाच्या जवळचा, पेटीवरच्यापेक्षा जरा उतरलेला, नीट कान दिला तर चवीपुरता ऐकू येतो.

पहिल्यांदा हे कागदावर करून बघितलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो होतो. कारण आपल्याकडे तानपुऱ्याबद्दल हीच गोष्ट दोनशे वेळा ऐकलेली असते. तार सा ची, पण तानपुरा चांगला लागला की त्यातून गंधार बोलायला लागतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडीवर तार टेकते तिथं घासून घासून जवारी काढतात, वर दोरा सरकवतात, तो कशासाठी? तारेच्या पोटातले उपस्वर बाहेर यावेत म्हणून. यंत्रणा वेगळी आहे, एक तार घोडीला हलकेच चाटत जाते आणि दुसरीकडे ओठ आणि गळा भांडतात, पण ज्याने तानपुऱ्याच्या जोडीला तासभर बसून गंधार ऐकलाय त्याला मांगल्सडॉर्फ समजायला जर्मन यायची गरज नाही.

## हा कानाचा भास कशावरून नाही?

चांगला प्रश्न, आणि जुना. अठराव्या शतकात तार्तिनी नावाच्या इटालियन व्हायोलिनवाल्याने लिहून ठेवलंय की दोन सूर एकत्र जोरात वाजवले की खाली एक तिसरा सूर ऐकू येतो. तो बऱ्याच अंशी आपल्या कानाच्या आतच तयार होतो, कान स्वतःच थोडा वाकडा ऐकतो म्हणून.

ट्रॉम्बोनचं तसं नाही. इथं तिसरा सूर खरोखर हवेत असतो. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही अॅप उघडा आणि रेकॉर्डिंगसमोर धरा, वाजवलेल्या आणि गायलेल्या सुरांच्या रेघांबरोबर वजाबाकीची रेघ वेगळी उभी दिसते. मशीनला भास होत नाहीत. आणि दोन वेगळी माणसं शेजारी उभी राहून एकाने वाजवलं, दुसऱ्याने गायलं तर ही रेघ येत नाही, कारण तेव्हा आवाज नुसते खोलीत मिसळतात, एकमेकांतून जात नाहीत. दोन फाटकं एकाच वाटेवर हवीत, सगळी गंमत तिथं आहे.

## मग काय, कुणीही करेल की

करून बघा म्हणजे कळेल. पेटीवर गाणारा माणूस जे वाजवतो तेच गातो, त्याला पेटी आधार देते. इथं बरोब्बर उलटं. ओठ आणि गळा यांना वेगवेगळं ठेवायचंय, आणि ते दोघं सारखे एकमेकांकडे ओढले जातात. गळा वर गेला की ओठही वर सरकतात, ओठ सैल सोडले की गळा घसरतो. वर श्वास एकच, तो दोघांत वाटून द्यायचा, कुणाला जास्त दिला की दुसरा रुसतो.

आणि सुरात जराही इकडचं तिकडं चालत नाही. समजा २५० ऐवजी २५२ गायला. म्हणाल, दोनने काय होतंय? होतं असं की वजाबाकी १५२ येते. पण ओठांच्या सुरात १०० सोबत त्याचे उपस्वरही असतात, २००, ३००, ४००, मग ४०० वजा २५२ अशीही एक वजाबाकी होते, ती येते १४८. म्हणजे पंचमाच्या जागेवर आता दोन भाडेकरू, १५२ आणि १४८, आणि ते सेकंदाला चार वेळा एकमेकांवर धडकतात. ऐकायला गुरगुर येते, डबक्यात म्हशी हंबरल्यासारखी. गंधार नेमका २५० ला लागला की दोन्ही वजाबाक्या १५० वर येऊन बसतात आणि गुरगुर थांबते, एकदम स्वच्छ.

गंमत बघा, पियानोवरचा किंवा पेटीवरचा गंधार या हिशोबात जवळपास २५२ लाच येतो, कारण त्यांचं ट्यूनिंग सगळ्या पट्ट्यांना चालावं म्हणून थोडी थोडी तडजोड करून बसवलेलं असतं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती उगाच नव्हती (बंदी जरा अतीच होती हे माझं मत, पण तक्रार खरी होती). तर मांगल्सडॉर्फला पियानोचा सूर गाऊन चाललं नसतं, त्याला निसर्गाचा गंधार गळ्यातून काढावा लागायचा, तोही ओठ दुसऱ्याच कामात गुंतलेले असताना, तोही चालू चालीत, कारण तो एक कॉर्ड लावून थांबत नव्हता, एकीतून दुसरीत जात होता, म्हणजे प्रत्येक वेळी दोन्ही फाटकं एकदम बदलायची. यात आयुष्यातली किती वर्षं गेली असतील याचा विचार करा.

## हे त्यानेच शोधून काढलं का?

नाही. कुणी असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कार्ल मारिया फोन वेबर या जर्मन संगीतकाराने हॉर्न या पितळी वाद्यासाठी एक रचना केली होती, १८०६ ची, नंतर १८१५ मध्ये सुधारलेली, तिच्यात हॉर्नवाल्याने वाजवता वाजवता गायचं असं लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजरिडू नावाच्या लाकडी नळीत आवाज मिसळतात. १९६६ मध्ये लुचानो बेरियो या इटालियन संगीतकाराने एकट्या ट्रॉम्बोनसाठी जी रचना केली तिच्यातही वादकाला गायला लावलंय. इंग्लंडमध्ये पॉल रदरफोर्ड हा ट्रॉम्बोनवालाही त्याच सुमारास अशाच वाटेने चालला होता.

मग याचं श्रेय काय? इतरांकडे तो बहुतेक वेळा परिणाम होता, अचंबा वाटावा म्हणून मध्येच टाकलेला, नाहीतर आवाजाचे प्रयोग. मांगल्सडॉर्फने त्यातून भाषा केली. चाली बांधल्या, स्विंग म्हणजे जॅझची झुलती लय ठेवली, ब्लूज वाजवला. ऐकणाऱ्याला पहिली दोन मिनिटं 'अरे बापरे कसं करतोय' वाटतं आणि मग ते विसरून गाणं ऐकायला लागतो. सर्कशीत असं होत नाही, तिथं शेवटपर्यंत दोरीवरच लक्ष असतं.

## जर्मन माणूस आणि जॅझ? ते तर अमेरिकेचं ना?

हो, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, आणि नेमकं म्हणूनच हिटलरच्या जर्मनीत ते वाजवणं अंगाशी यायचं. १९३५ मध्ये जर्मन रेडिओवर जॅझला बंदी आली. तरी फ्रँकफर्टमध्ये काही पोरं लपूनछपून जमून ते वाजवायची, स्वतःला हॉट क्लब म्हणायची. त्यात आल्बर्टचा थोरला भाऊ एमिल, तीन वर्षांनी मोठा, सॅक्सोफोनवाला. धाकट्याला या संगीताची गोडी त्यानेच लावली. एमिलला गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी उचललं, कोठडीत ठेवलं, मग सैन्यात भरती करून पूर्वेच्या आघाडीवर पाठवलं, तिथून सोव्हिएत कैदेत. परत आला तो १९४९ मध्ये. हा एमिल पुढे नव्वदी ओलांडूनही वाजवत होता आणि शाळकरी मुलांना हिटलरच्या काळातलं जॅझ काय होतं ते सांगत होता, त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

आल्बर्ट आधी व्हायोलिन शिकला, मग गिटार. ट्रॉम्बोन हातात घेतला तो १९४८ मध्ये, विसाव्या वर्षी. आपल्याकडे विसाव्या वर्षी गाणं शिकायला गेलं तर गुरुजी चेहरा पाडतात, हे नोंदवून ठेवतो. युद्धानंतर फ्रँकफर्ट अमेरिकन सैन्याचं मोठं ठाणं झालं होतं, सैनिकांचे क्लब, सैनिकांचा रेडिओ, त्यामुळे जे कालपर्यंत गुन्हा होतं ते आज रोजगार झालं. १९५२ मध्ये तिथं जॅझकेलर नावाचं तळघर उघडलं आणि फ्रँकफर्टच्या जॅझवाल्यांचा अड्डा तिथं जमला, तोही त्यातलाच. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ फेस्टिव्हलला जगभरातल्या तरुण वादकांचा एक बँड बांधला होता, त्यात जर्मनीकडून हा गेला.

आणि मग वळण. न्यूपोर्ट गाजवून आलेला माणूस अमेरिकेत जायची स्वप्नं बघेल, जॉन्सनसारखं वाजवेल. हा फ्रँकफर्टमध्येच राहिला आणि जॉन्सनसारखं वाजवायचं नाही असं ठरवून बसला. १९६१ मध्ये स्वतःचा बँड काढला, त्यात सॅक्सोफोनवर हाइन्झ साउअर, बासवर ग्युंटर लेन्झ, असे सगळे आसपासचेच. त्यांनी जे वाजवलं ते ऐकून पहिल्यांदा अमेरिकन लोकसुद्धा म्हणायला लागले की हे आपलं नाही, हे यांचं आहे.

## आपल्याशी काही संबंध?

ओढूनताणून नाही सांगणार, पण एक आहे. १९६४ मध्ये ग्योटे इन्स्टिट्यूटने, म्हणजे पुण्यामुंबईत मॅक्समुल्लर भवन म्हणून आपण ओळखतो त्यांनीच, या बँडला आशियाच्या मोठ्या दौऱ्यावर पाठवलं. परत गेल्यावर त्यांनी 'नाउ जॅझ रामवाँग' नावाची रेकॉर्ड केली. रामवाँग म्हणजे थायलंडचा गोल करून नाचायचा नाच. तिच्यात थायलंड, जपान, व्हिएतनामच्या धुना आहेत आणि एक लांबलचक तुकडा रविशंकरांच्या धुनेवर बांधलेला आहे. तारीख बघा, १९६४. बीटल्सनी सतार हातात घेण्याच्या आधीची गोष्ट. आणि त्यात सतारीची नक्कल नाही, बासरी नाही, उदबत्तीचा वास नाही. धून घेतली आणि आपल्या वाद्यांवर आपल्या पद्धतीने वाढवली. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. ट्रॉम्बोन तिथं जे घसरत खाली येतो ते ऐकून मींड आठवते, पण तो भारतीय व्हायचा प्रयत्न करत नाही.

## एकट्याने वाजवायची हौस कशाला?

बहुसूर त्याने आधी बँडमध्येच वापरायला सुरुवात केली होती, पण खरी परीक्षा १९७२ मध्ये झाली. म्युनिकच्या ऑलिंपिकच्या सांस्कृतिक कार्यक्रमात तो एकटा उभा राहिला, फक्त ट्रॉम्बोन घेऊन. आपल्या गायकाला तानपुरा, तबला, पेटी काहीही न देता मोठ्या सभागृहात सोडून द्या म्हणजे अंदाज येईल. आधी सांगितलं ना, एका सुताने घर शिवणं. आता त्याच्याकडे तीन सुतं होती.

त्याच वर्षी एकल वादनाची रेकॉर्ड केली, 'ट्रॉम्बर्ड्स'. ट्रॉम्बोन अधिक बर्ड्स. त्याला पक्ष्यांचा भारी नाद, दुर्बीण घेऊन रानात जाणाऱ्यातला. पक्ष्यांचा आणि बहुसुरांचा थेट संबंध लावायचा मोह मला होतोय कारण बऱ्याच पक्ष्यांना दोन आवाज एकदम काढता येतात, त्यांचा स्वरयंत्राचा भाग श्वासनलिका जिथं दोन फाट्यांत फुटते तिथं असतो. पण तो मोह माझा, त्याच्या तोंडी घालत नाही. पुढची एकल रेकॉर्ड १९७६ ची, तिचं नाव 'ट्रॉम्बोनलिनेस', ट्रॉम्बोन आणि लोन्लीनेस म्हणजे एकटेपणा यांची संधी. संधिविग्रहाच्या पेपरात टाकायला हवी.

"पण मग हा स्वतःतच रमलेला माणूस असेल," असं कुणीतरी म्हणणारच. तर १९७५ ची 'द वाइड पॉइंट' ऐका, ड्रमवर एल्विन जोन्स, जॉन कोल्ट्रेन या अमेरिकेच्या थोर सॅक्सोफोनवाल्याबरोबर वाजवलेला, वादळ आहे नुसतं. १९७६ च्या नोव्हेंबरात बर्लिनला जॅको पास्टोरियस हा बास गिटारवाला आणि आल्फॉन्स मूझों ड्रमवर. जॅको तेव्हा २४ चा, अंगात रग मावेना असा. मांगल्सडॉर्फ ४८ चा, बरोब्बर दुप्पट. त्या रेकॉर्डचं नाव 'ट्रायलॉग', तिघांचा संवाद, आणि खरंच कोण कुणाला दाबतंय असं होत नाही.

## याला गुरु म्हणायचं का? गंडा कुणाला बांधला?

आपल्या अर्थाने नाही. घराणं नाही, गंडा नाही, कानाची पाळी धरून गुरूंचं नाव घेणं नाही. जॅझमधलं शिकणं बरंचसं स्टेजवर होतं. शेजारी उभं राहायचं, चुकायचं, पुढच्या गाण्यात सुधारायचं. त्याने कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात शिकवलं, ट्रॉम्बोनवाल्यांसाठी पुस्तकही लिहिलं. पण माझ्या मते त्याचं मोठं गुरुपण दोन कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींत आहे.

एक, रेडिओ. १९५८ पासून तो फ्रँकफर्टच्या हेसन रेडिओचा जॅझ आँसांबल, म्हणजे वादकांचा संच, सांभाळत होता. लोकांसमोर कार्यक्रम नाही, तिकिटं नाहीत, स्टुडिओत जमायचं, कुणीतरी नवी रचना आणायची, करून बघायची, रेकॉर्ड करायची. फसली तरी हरकत नाही. वर्षानुवर्षं, दशकं. ज्या वादकाला फसायची परवानगी असलेली जागा मिळते त्याचं काय होतं हे शिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

दुसरी, पैसा. १९७३ मध्ये जर्मन जॅझवाल्यांनी युनियन काढली, मानधन, रेडिओची कामं, सरकारी मदत यासाठी भांडायला, आणि ती उभी करणाऱ्यांत हा पुढे. नाव झालेल्या माणसाला याची गरज नसते, त्याचं मानधन त्याला मिळतच असतं. आपल्याकडच्या किती दिग्गजांनी साथीदारांच्या पाकिटासाठी आवाज चढवला हे ज्याने त्याने आठवून बघावं, मी नावं घेत नाही. त्याच युनियनने १९९४ पासून त्याच्याच नावाचं पारितोषिक सुरू केलं, तो जिवंत असताना. २०१३ मध्ये ते निल्स वोग्राम या ट्रॉम्बोनवाल्याला मिळालं, १९७२ चा जन्म, म्हणजे ज्या वर्षी म्युनिकचा तो एकट्याचा कार्यक्रम झाला त्याच वर्षी जन्मलेला. हा वोग्राम वाजवता वाजवता गातो. त्याच्यासाठी ते आश्चर्य नाही, वाद्याचाच एक भाग आहे, जसा आपल्याला तबल्यात डग्गा.

१९९५ पासून २००० पर्यंत मांगल्सडॉर्फने बर्लिनच्या जॅझ फेस्टिव्हलची जबाबदारीही घेतली, ती धावतीच सांगतो कारण फेस्टिव्हल चालवण्यात भांडणंच जास्त असतात.

## ऐकायचं कुठून आणि कसं?

एकल रेकॉर्डपासून सुरू करू नका, कान तयार नसेल तर पाच मिनिटांत बंद कराल. आधी 'नाउ जॅझ रामवाँग', मग 'ट्रायलॉग', मग 'ट्रॉम्बोनलिनेस'. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा सूर गायबच होतो आणि मग तुम्ही म्हणाल कुठंय तिसरा. बहुसूर लागला की सगळ्यात खालचा आवाज ओठांचा, सगळ्यात वरचा बहुतेक वेळा गळ्याचा, थोडा मानवी, थोडा घोगरा. त्या दोघांना ओळखून बाजूला ठेवा आणि मधे काय उरतंय ते ऐका.

घरी करून बघायचं असेल तर ट्रॉम्बोन नसला तरी चालेल. पाण्याच्या पाइपचा दीड-दोन मीटरचा तुकडा, एका टोकाला नरसाळं खोचा, दुसऱ्या टोकाला ओठ लावून 'ब्रर्र' करा, एक स्थिर सूर लागला की तो न सोडता गळ्यातून हुंकार भरा आणि हुंकार हळूहळू वर न्या. बराच वेळ नुसती गुरगुर येईल. मग एका ठिकाणी, अगदी क्षणभर, गुरगुर थांबते आणि पाइप अचानक जाड वाजायला लागतो, जणू आत अजून कुणी आहे. मला ते तिसऱ्या दिवशी जमलं, चार सेकंद, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, म्हणाल्या तुमच्या नळाला हवा धरलीय का, प्लंबरचा नंबर देऊ?